काठावरचे चेअरमन

आप्पांना पोहता येत नव्हतं, मासा ते खात नव्हते, आणि रोहू कुठला नि कटला कुठला हे त्यांना अखेरपर्यंत धड सांगता आलं नाही. तरीही आमच्या भागात गावतळ्यात मासे वाढवायचा विषय निघाला की लोक अजून त्यांचंच नाव घेतात. मीही घेतो, फक्त जरा हसून घेतो.

त्यांची आठवण यायला एरवी निमित्त लागत नाही, पण परवा मिळालं. कोल्हापुरात एका हॉटेलात मत्स्यशेतीवर कार्यशाळा होती. पडद्यावर गोल काढले होते आणि गोलांना बाण. एका गोलात शेतकरी, एकात मच्छीमार, एकात शासन, एकात बाजार, आणि मधल्या मोठ्या गोलात 'समन्वय'. सर्व घटकांनी एकत्र आलं पाहिजे, असं व्याख्याते गोड आवाजात सांगत होते. सर्व घटक एसीत बसून डुलक्या काढत होते. मला राहून राहून वाटत होतं, की त्या मधल्या गोलात आप्पांचा फोटो हवा होता. घामेजलेला चेहरा, खांद्यावर टॉवेल आणि तोंड उघडं. तोंड मिटलेलं असताना काढलेला आप्पांचा फोटो माझ्या तरी पाहण्यात नाही.

मी तेव्हा गारगोटीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. मूळचा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला. त्यामुळे मोठा आवाज म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे असा माझा समज होता. एके दिवशी आप्पा स्टाफरूमच्या दारात उभे राहिले आणि तो समज संपला.

"मासं शिकवनारं सर कोन हाईत हितं?"

मी वर्गातल्या पोरासारखा हात वर केला.

"चला."

"कुठे?"

"तळ्यावर. आनि कुठं? मासं काय हितं हाईत व्हय?"

होते. कपाटात बरण्यांत घालून ठेवलेले होते. मी जरा अभिमानाने दाखवले. आप्पांनी एक बरणी उचलून उजेडात धरली आणि विचारलं, "ह्यो कवा मेला?" माझ्या जन्माआधी, असं कळल्यावर त्यांनी ती फार आदराने खाली ठेवली. "आमाला जित्तं पायजेत," म्हणाले, आणि माझं मनगट धरलं.

या मनगट धरण्याबद्दल सांगायला हवं. आप्पा हात मिळवत नसत, मनगट धरत. बोलणं सुरू करताना धरत आणि समोरचा 'बरं' म्हणेपर्यंत सोडत नसत. पकड आवळलेली नसे, पण सुटायचीही नाही. मी लोकांना त्यांच्या तावडीत घड्याळ बघायचा प्रयत्न करताना पाहिलंय. घड्याळ नेमकं आप्पांच्या मुठीत असायचं.

या सवयीची कहाणी त्यांनीच मला सांगितली. लहानपणी पोहायला शिकवायचं म्हणून चुलत्याने त्यांना विहिरीच्या काठावर नेलं आणि आमच्याकडच्या शिरस्त्याप्रमाणे न सांगता ढकललं. "मी जाता जाता चुलत्याचं मनगट धरलं," आप्पा म्हणाले. "मग काय, दोघंबी गेलो की. त्यो नवीन धोतार नेसून आलता. वर आल्यावर त्येनं मला बडवला ती गोष्ट येगळी. पर तवापासनं एक कळलं बघा सर. मनगट धरलं की मानूस येतोयच."

पोहणं राहिलं ते राहिलंच. त्यानंतर आप्पा घोट्याच्या वर पाण्यात कधी गेले नव्हते. आंघोळीच्या बादलीकडेसुद्धा ते जरा संशयानेच बघतात, असं त्यांच्या बायकोचं, म्हणजे इंदूकाकींचं म्हणणं होतं. आणि मासा न खाण्याचं कारण काटा. एकदा घशात अडकला होता. "मटनात हाड असतं, पर ते हाड हाय म्हनून दिसतं तरी. मासा लबाड," असं त्यांचं मत होतं. असा हा माणूस गावच्या तळ्याच्या मत्स्यपालन समितीचा चेअरमन झाला. आमच्या जिल्ह्यात माणूस कशाचा ना कशाचा चेअरमन असतोच. आप्पांना उशिरा संधी मिळाली, एवढंच.

गाव गारगोटीपासून जरा आत. तळं चांगलं मोठं, दगडी बांधाचं. एका अंगाला उसाची रानं, दुसऱ्या अंगाला भोई आळी. तळ्यात मासे वाढवायचा ठेका भोई आळीतल्या मच्छीमार सोसायटीकडे. पाणी मात्र ऊसवाल्यांच्या मोटरी ओढायच्या. आणि सगळ्यात मोठी मोटर होती आप्पांची.

म्हणजे ज्यांच्यामुळे मासे मरत होते तेच माशांचे चेअरमन. निवड ग्रामपंचायतीने केली होती. 'चोराला राखणीला बसवला,' असं गावात म्हणत. आप्पांच्या कानावर ते गेलं तेव्हा ते म्हणाले, "मग? कुठनं कुठनं पानी जातंय हे चोराइतकं कुनाला ठावं?"

पहिली बैठक तालमीत झाली. कुस्तीची लाल माती ओलांडून ऊसवाले एका भिंतीला बसले, भोई आळी दुसऱ्या भिंतीला. मध्ये मत्स्यखात्याचे एक साहेब, एकटेच, खुर्चीवर. आप्पांनी कांदाभजी मागवली होती, पण ताटल्या नेमक्या निम्म्याच आल्या. "हाटेलवाल्यानं घोळ घातला, काय करता, दोघात एक घ्या," असं म्हणत त्यांनी मनगटं धरून माणसं हलवली. एका ताटलीवर एक ऊसवाला आणि एक भोई, अशी जोडी. घोळबिळ काही नव्हता. ताटल्या निम्म्याच द्यायच्या, हे आप्पांनी हॉटेलवाल्याला माझ्यासमोर बजावलं होतं. भजी मांडीवर घेऊन त्यांच्या मोटरसायकलवर मागे मीच बसलो होतो.

भजी संपेपर्यंत सगळे सभ्य होते. मग एका ऊसवाल्याने तोंड पुसत सुरुवात केली. "पानी उसाचं हाय. माशांचं कुठनं आलं?"

"मग ऊस तळ्यात लाव की," आप्पा म्हणाले.

तेवढ्यात मालन उठली. मालन म्हणजे भोई आळीच्या सोसायटीची सेक्रेटरी. चाळिशीची, गारगोटीच्या बाजारात मासे विकणारी. बाजारात गिऱ्हाईक तिच्याशी घासाघीस करत नाही, ती सांगेल ते ऐकून पिशवी पुढे करतं. ती बोलायला लागली.

"आप्पा, दरसाली माशाचं बी आमी सोडायचं, आनि मासा हाताएवढा व्हायच्या आत तुमच्या मोटरी तळं चाटूनपुसून न्हेनार. मग चिखलातनं बोटाएवढी पिल्लं गोळा करायची नि तीच इकायची. ह्येला धंदा म्हनत्यात व्हय? आमची गडीमानसं शिरोलीला लोखंडाच्या भट्टीवर गेली ती ह्याच्यापायीच. माझा मालक आठवड्यातनं एकदा घरी येतोय, पावन्यासारखा. औंदा मासा निघाला न्हाई तर मी बी बिऱ्हाड उचलून शिरोलीला जानार. निम्मी आळी जाईल. मग तळ्यात काय सोडायच्या त्या मोटरी सोडा."

आप्पांनी टॉवेलने कपाळ पुसलं आणि आपला तोडगा मांडला. तळ्याच्या पायरीच्या दगडावर तांबडी रेघ मारायची. पाणी त्या रेघेला टेकलं की सगळ्या मोटरी बंद, मासा निघेपर्यंत. बदल्यात मासेमारीनंतर भोई आळीने ऊसवाल्यांना तळ्यातला गाळ काढायला हात द्यायचा, गाळ उसाच्या रानाला. साहेबांनी मत्स्यबीज द्यायचं. सरांनी पाणी तपासायचं. आणि रेघेखाली जो मोटर चालवील त्याचा स्टार्टर काढून मालनच्या घरात ठेवायचा. स्टार्टर म्हणजे मोटरीचा श्वास. तो बाईच्या घरात जप्त होणं म्हणजे ऊसवाल्याची सगळ्या पंचक्रोशीत शोभा.

"रेघ मारनार तुमी," मालन म्हणाली, "आनि सगळ्यात मोठी मोटर बी तुमची. इस्वास कसा ठिवायचा?"

"लिहून देऊ?"

"लिहून नगं. आमच्यात जाळं वढायच्या पैल्या दिशी, ज्याचा तळ्यात वाटा त्यो पान्यात उतरतो नि दोरीला हात लावतो. काठावर हुभा ऱ्हाईल त्येचं तळ्यावर काय बी चालत न्हाई. तुमी उतरनार?"

सगळ्या गावाला आप्पांचं आणि पाण्याचं नातं माहीत होतं. कुणीतरी खोकल्याच्या आडून हसलं. आप्पांचा हात सवयीने मनगट धरायला पुढे गेला, पण समोर बाई आहे हे लक्षात येऊन मध्येच वळला आणि त्याने भज्यांची रिकामी ताटली धरली.

"उतरतो की!" आप्पा गरजले. तो दिवस पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटाला होता, म्हणून आवाज एवढा मोठा निघाला, असा माझा अंदाज आहे.

आता आप्पांच्या दुसऱ्या वेडाविषयी. सत्कार. सत्काराशिवाय माणूस जागचा हलत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांच्या घरात शाली ठेवायला वेगळं कपाट होतं, फेटा बांधणारा माणूस त्यांच्या एका हाकेवर येई. समिती झाल्याबद्दल त्यांनी समितीचा सत्कार केला. रेघ मारल्याबद्दल रंगाऱ्याचा केला. माझाही केला, आणि माझ्या कार्याचं वर्णन करताना म्हणाले, "ह्यास्नी माशाच्या पोटातलं समदं ठावं हाय, फकस्त पोटात घालता येत न्हाई." मी शाकाहारी आहे, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. सांगणाऱ्याच्या मी अजून शोधात आहे.

तर पावसाळ्यात तळं भरलं आणि मत्स्यबीज सोडायचा दिवस ठरला. बोटाएवढी पिल्लं, त्यांना बोटुकलीच म्हणतात, ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून टेम्पोने आली. पिशव्या आल्या आल्या तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवायच्या, आतलं नि बाहेरचं पाणी सारखं झालं की तोंड सोडायचं. एवढंच काम. पण आप्पांनी बांधावर मांडव घातला होता, बँड बोलावला होता आणि कोल्हापूरहून एक बडे पाहुणे यायचे होते. त्या दिवशी पावसाने उघडीप दिलेली, ऊन चटचटत होतं.

"पिशव्या पान्यात ठिवा," मालन म्हणाली.

"येऊ देत की पावनं. वाटंतच हाईत," आप्पा म्हणाले. "तवर मांडवापुढं मांडा वळीनं. फोटोला बरं दिसतंय."

मीही जाऊन सांगितलं. मला त्यांनी 'सर, तुमी सूत्रसंचालन करा' असं म्हणून माइक दिला. आमच्याकडे विरोधकाला गप्प करायची ही जुनी पद्धत आहे.

पाहुणे वाटेत दुसऱ्या एका सत्कारात अडकले होते. ते आले तेव्हा बँड वाजला. मग स्वागत, मग दीपप्रज्वलन, वाऱ्याने ज्योत विझत राहिली. मग फेटे. पाहुण्यांना, साहेबांना, सरपंचांना, टेम्पोच्या ड्रायव्हरला, आणि सगळ्यात शेवटी, आग्रह झाला म्हणून, आप्पांना. तुरा छान काढला होता. मग पाहुण्यांनी नीलक्रांतीवर भाषण केलं. पिशव्या उन्हात ओळीने बसून सगळं ऐकत होत्या.

शेवटी पाहुण्यांनी पहिली पिशवी तळ्यात ओतली. पाण्यावर पांढरी पोटं पसरली. बँडवाल्यांना मागून दिसत नव्हतं, त्यांनी चाल आणखी वाढवली. मागच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी पिशवीही तशीच, तिसरीही.

"वाजवा," मालन म्हणाली. "वाजवा की जोरात. तेराव्यालाच बलावलंया समद्यास्नी."

बँड थांबला. पाहुणे गाडीकडे बघायला लागले. आप्पा वरच्या पायरीवर उभे होते आणि पांढऱ्या पाण्याकडे बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस ऊन, टेम्पोवाला, प्लास्टिक, सरकार, कुणावर तरी खापर फोडणार. त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवला, माझ्या हातातला माइक घेतला आणि म्हणाले, "चूक माझी हाय. मला हौस नडली. ह्या तळ्यातनं मासा निघस्तोवर हितं कुनाच्या डोस्क्याला फेटा बांधायचा न्हाई. माझ्या तर न्हाईच न्हाई." मला त्या क्षणी आप्पा फार आवडले. त्याआधी ते मला नुसतेच गमतीचे वाटत.

हंगाम हातातून गेला नव्हता. आप्पांनी दुसऱ्याच दिवशी मत्स्यखात्याचं ऑफिस गाठलं. नवं बीज मंजूर करायला साहेब कां-कूं करत होते, नियम सांगत होते. मी बरोबर होतो. साहेबांनी शेवटी सही केली ती डाव्या हाताने, कारण उजवा आप्पांकडे होता.

या वेळी बीज आणायला मालन स्वतः टेम्पोत बसली. नुकतं उजाडलं होतं. मांडव नाही, बँड नाही. पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, वेळ झाल्यावर मालनने एकेकीचं तोंड सैल केलं आणि पिल्लं आपल्या पायांनी गेल्यासारखी निघून गेली. आप्पा बांधावर उभे राहून कुजबुजत होते. त्यांना कुजबुजता येतं हे गावाला त्या दिवशी कळलं.

पुढच्या आठवड्यात तेच पाहुणे फोटोसाठी पुन्हा आले. फोटो हवाच होता, खात्यालाही आणि पाहुण्यांनाही. आप्पांनी त्यांच्या हातात पिशवी दिली. तिच्यात निव्वळ तळ्याचंच पाणी होतं. पाहुण्यांनी ती भक्तिभावाने ओतली.

"वा! कशी सळसळत गेली बघा," पाहुणे म्हणाले.

"लई चपळ जात हाय," आप्पा म्हणाले. "नजरंला ठरतच न्हाई."

पाहुण्यांचा हात अधूनमधून डोक्याकडे जात होता. पण फेटा निघाला नाही. नारळावर भागलं.

खरी परीक्षा उन्हाळ्यात होती. मासे वाढत होते. मालन महिन्यातून एकदा जाळं टाकून एखादा वर काढी, हातावर तोलून बघी आणि परत सोडी. आप्पा लांबूनच विचारत, "काय म्हनतोय?" जणू माशाने निरोप दिला असावा. पण पाणीही उतरत होतं, आणि एके दिवशी ते तांबड्या रेघेला टेकलं. आप्पांनी आपली मोटर सगळ्यांच्या आधी बंद केली. मग बाकीच्यांनी केल्या, पण प्रत्येकाचा एक डोळा आप्पांच्या उसावर होता. तो कधी माना टाकतो आणि आप्पा कधी मोडतात, याची सगळे वाट बघत होते.

उसाने माना टाकल्या. बांधाकडचा तुकडा आधी पिवळा पडला. आप्पा रोज जाऊन त्याच्याकडे बघत, एखादं वाळलं पान तोडून हातात घेऊन परत येत. अशातच आप्पा एका बैठकीला कोल्हापूरला गेले आणि इंदूकाकींनी मोटर चालू केली.

काकींचं काही चुकलं असं मला वाटत नाही. ऊस त्यांनीही लावला होता, खुरपला होता. संध्याकाळी आप्पा गाडीवरून उतरले तेव्हा मोटरीचा आवाज साऱ्या गावाला ऐकू येत होता, आणि सगळं गाव बांधावर जमून आप्पा काय करतात ते बघायला उभं होतं. मालनही होती. मला भीती तिचीच वाटली. ती मनातल्या मनात भांडी बांधायला लागली असावी.

आप्पांनी मोटर बंद केली. पान्याने स्टार्टर खोलला, खांद्यावर घेतला आणि भोई आळीकडे चालायला लागले. काकी मागून ओरडत होत्या, "अवो, मासं पाळायसाठनं ऊस वाळवायला निघालाईसा? याड लागलंय का तुमास्नी?"

"लागलंय," आप्पा मागे न बघता म्हणाले.

मालनच्या दारात त्यांनी स्टार्टर ठेवला. "घे. पैला माझाच आला. जागा करून ठेव, अजून कुनाचा आला तर."

मालनने तो उचलून आत नेला आणि धूळ बसू नये म्हणून त्यावर आपलं जुनं लुगडं घातलं. दुसरा कुणाचा स्टार्टर मात्र आला नाही. आप्पांचा पिवळा पडलेला तुकडा अख्खा वाळून गेला, आणि तो वाळताना सगळ्या गावाने बघितला. त्यानंतर रेघेखाली कुणी मोटर लावली नाही. काकींनी आप्पांशी अबोला धरला. अबोल्याच्या काळात जेवणात रोज दोडका होता, अशी तक्रार आप्पांनी माझ्याकडे केली. ऊस गेल्याची तक्रार केली नाही.

मग जाळं ओढायचा दिवस ठरवायला बैठक बसली आणि ती सगळ्या बैठकांत जास्त भांडखोर झाली. मासा निघाला की विकायला हवा, आणि विकायला खाणारा हवा. सोमवारी निम्मा तालुका खात नाही, गुरुवारी उरलेला. मंगळवार-शुक्रवार देवीचे, शनिवार मारुतीचा. बुधवारी गावात लग्न. संकष्टी, एकादशी वगळून आणि पावसाच्या आत, असा एक रविवार कसाबसा सापडला. "देवाधर्मानं मासं जगवल्यात ह्या जिल्ह्यातलं," आप्पा म्हणाले. "खात्यानं न्हाई."

त्या रविवारी मी पहाटेच तळ्यावर पोचलो. त्यानंतर लगेच माझी बदली झाली आणि पुढे आप्पांशी फोनवर बोलणं होत राहिलं, पण भेट झाली नाही. त्यांचं हृदय बंद पडल्याची बातमीही फोनवरच कळली. त्यामुळे माझ्यापुरते आप्पा त्या रविवारचेच आहेत.

शिरोलीहून भोई आळीची गडीमाणसं आली होती. मालनचा नवरा होता, गप्प आणि रुंद खांद्यांचा. ऊसवालेही आले होते, चड्डीवर, कारण दोरीला माणसं जास्त लागतात. आणि बांधावर मांडव होता. मासा निघणार म्हणून आप्पांचं व्रत फिटणार होतं, तेव्हा गावाने त्यांच्या सत्काराचा घाट घातला होता. फ्लेक्सवर आप्पांचा फोटो, तोंड उघडं. फेटेवाल्याने घाई करून पहाटेच त्यांना फेटा बांधून टाकला होता, तांबडा, तुरेदार. मासा निघायच्या आधीच. पाहुणे तेच होते आणि ते वाटेतच होते.

जाळं पसरून झालं. ऊन वर यायला लागलं. आप्पा मांडवापाशी उभे होते, एकदा रस्त्याकडे बघत, एकदा पाण्याकडे. कंबरेएवढ्या पाण्यात उभी राहून मालनने हाक मारली.

"चेअरमन! दोरी!"

"पावनं येऊ देत की," कुणीतरी मांडवातून म्हणालं.

आप्पांनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो खाली बसला. मग ते चपला काढून पायरीवर आले. रेघेच्या पायरीवर थांबले. उन्हाने पाणी रेघेच्या एक पायरी खाली गेलं होतं, त्याहून खाली नाही. त्यांनी एक पाऊल पाण्यात टाकलं, घोट्यापर्यंत, आणि तिथेच खिळले. तालमीतल्या दोन्ही भिंतींची माणसं एकाच दोरीला हात लावून उभी होती आणि कुणीही हसत नव्हतं. काठावर इंदूकाकी आल्या होत्या, तोंडाला पदर लावून.

आप्पांनी उजवा हात पुढे केला. धरायला नव्हे. मूठ मिटून, मनगट वर करून, जसं दुसऱ्याचं ते रोज धरत तसं स्वतःचं पुढे केलं.

"मालन," ते म्हणाले, आणि एवढ्या लहान आवाजात की मी जवळ होतो म्हणूनच ऐकू आलं, "धर गं मनगट माझं."

मालन पाण्यातून पुढे आली आणि तिने धरलं.

"धरलंया," ती म्हणाली. "या आता."

आप्पा गेले. गुडघा बुडाला, कंबर बुडाली, सदरा फुगून वर आला, आणि शेवटी छातीएवढ्या पाण्यात त्यांचा डावा हात दोरीपर्यंत पोचला. कुणीतरी "वढा!" म्हणून ओरडलं. आमच्या मागे बांधावर गाडीचा हॉर्न वाजला. पाहुणे आले होते. एकाही माणसाने मान वळवली नाही. दोरी ताणली, जाळ्याच्या पोटात पाणी उसळायला लागलं, मासे एकावर एक उड्या मारू लागले, आणि त्या सगळ्या खळबळीत आप्पांचा तांबडा फेटा भिजत, मागे-पुढे होत, बाकीच्या डोक्यांबरोबर काठाकडे येत होता. मालनने त्यांचं मनगट अजून सोडलं नव्हतं.